अड्याळच्या वसुलीची हकीकत

भंडारा,
जुलैचा पहिला रविवार

आदरणीय साडूभाऊ मधुकरराव यांना परसरामचा मनापासून जयभीम.

इकडे आम्ही सारे बरे आहोत. तुमचा गुडघा, मंदाताईंची शुगर आणि दिघोरीच्या धानाच्या बांध्यांमधलं पाणी, या तिन्हींची खबर कळवावी. (मंदाताईंची खबर सुमन आपल्या बहिणीला रोज फोन लावून घेतेच, त्यामुळे माझ्या वाट्याला तुमचा गुडघा उरतो.) रोवणा सुरू झाला असेल तर हे पत्र शेताच्या धुऱ्यावर उभं राहून वाचू नका, घरी जाऊन, पाय लांब करून वाचा. मोठं आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण जे झालं ते फोनवर बोलल्यानेच झालं, म्हणून सध्या मी फोनवर हवापाण्याच्या पुढे जात नाही.

तुम्ही उभा जन्म हेडमास्तरकीत काढला. पोरं गृहपाठ का केला नाही याची जी कारणं सांगतात ती सगळी तुम्ही ऐकली असतील. ती विसरून जा. लोकांचे टॅक्सचे रिटर्न भरायचा धंदा माझा, आणि या धंद्यात मी जी माणसं पाहिली त्यांच्यापुढे तुमची पोरं म्हणजे अंगणवाडी. त्यातही अड्याळचे भय्याजी नंदागवळी, बियाणं-खताच्या दुकानाचे मालक, यांची तर मी पूजाच करायची बाकी आहे. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्याच साली मी ऑफिस उघडलं आणि पहिली फाइल आली ती यांची. पहिली फी मागायला गेलो तर म्हणाले, की सर, आत्ताच तर जिल्हा फुटला, जरा थाऱ्यावर येऊ द्या. मला ते पटलं! अड्याळ होतं तिथंच, भंडाऱ्यातच राहिलं होतं, ते कुठं जाणार नव्हतं, हे मला परत येताना एसटीत सुचलं. तेव्हाच ओळखलं, की हे काम साधंसुधं नाही.

तेव्हापासून मी त्यांच्याकडे पाहूनच राहिलो. "देत नाही" हा शब्द त्या तोंडातून कधी निघाला नाही. दोन-तीन वर्षांतून एखादी नोट अशा प्रेमाने हातात ठेवतील, की बाकीचं मागायची आपल्यालाच लाज वाटावी. मागितलं तर रोवणा होऊ द्या, शेतकरी खत उधारीवर नेऊन राहिले. रोवणा झाला की कापणी. कापणी झाली की खरेदी केंद्रावर वजनकाट्याची रांग. काटा झाला की सरकारकडून धानाच्या पैशांचे चुकारे यायचे असतात, चुकारे आले की बोनस अडकलेला असतो, आणि बोनस आला तेव्हा गावची मंडई, म्हणजे जत्रा, असते. आता मंडईला दंडारीचा खेळ पाहायला बोलावलेल्या पाहुण्याने यजमानाला पैसे मागावेत का, तुम्हीच सांगा. पुन्हा उन्हाळी धान आहेच. आणि साडूभाऊ, यातलं एकही कारण खोटं नाही. मी एकेक तपासून पाहिलं आहे.

कागदांचंही तसंच. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी युरियाच्या थैलीत भरून बिलं येतात. (ती झटकली की टेबलावर धानाचे दाणे सांडतात. ऑफिसमागच्या नालीत एक वर्षी लोंबी धरली होती.) पोर्टलचा ओटीपी घटकाभरात मरतो, तो भय्याजी दुसऱ्या दिवशी सकाळी कळवतात, वरून काल बरोबर आला होता ना म्हणून विचारतात. अलीकडे ओटीपी सांगायचं काम त्यांच्या मुलीकडे गेलं. एम.कॉम. झालेली मुलगी. (नाव प्रतीक्षा. बापाने मुलीचं नावसुद्धा असं ठेवलं, आता मी काय बोलणार?) आमच्याकडून आमचा पोरगा अश्वजित फोन लावायचा. सहा आकडे विचारायला या पोराला तासभर काहून लागतो, म्हणून मी त्याच्यावर चिडायचो. नेटवर्क नाही म्हणायचा.

यंदा ऑफिसचा संगणक बसला तो उठलाच नाही. रिटर्नचा महिना तोंडावर. भय्याजींची सगळी बाकी आली तर नवा संगणक येऊन वर प्रिंटरही येतो, असा हिशेब. म्हटलं, आता आर या पार. पण साडूभाऊ, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. फोनवर माझ्याने फी हा शब्द निघेना. म्हणून मी एवढंच म्हणालो, की बऱ्याच दिवसांपासून मनात एक गोष्ट आहे, ती घरी येऊनच बोलू म्हणतो, रविवारी सहपरिवार येतो. सहपरिवार यासाठी, की मला मागता येत नाही आणि सुमनला येतं. गाडी चालवायला अश्वजित. त्याने त्या दिवशी न सांगता दाढी केली, नवा शर्ट घातला, तेव्हा तरी मला शंका यायला पाहिजे होती. नाही आली. मी बाकीची बेरीज करून राहिलो होतो.

अड्याळात पोहोचलो तर अंगणात टेंट हाऊसच्या खुर्च्या, मुलीचे दोन मामे साकोलीकडून आलेले, मुलीची आई शकुनबाई नव्या लुगड्यात, आणि पोह्यांची परात. एवढी माणसं माझी फी पाहायला आली म्हणून मी भारावलो. मग चहाचा ट्रे घेऊन मुलगी आली, समोर खुर्चीवर बसली, आणि मामांनी अश्वजितला शिक्षण विचारलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी अश्वजितकडे पाहिलं, तर तो खाली मान घालून पोह्यातले शेंगदाणे वेचत होता. ती मुलगी पदराआड हसत होती. सुमनकडे पाहिलं, तर तिला ती पोरगी केव्हाच आवडून गेली होती. मलाही आवडली, खोटं काहून बोलू?

मग मोठ्या मामांनी पानाचं तबक सरकवून विचारलं, परसरामजी, मोकळेपणानं सांगा, तुमची अपेक्षा काय. या प्रश्नाचा अर्थ पंचक्रोशीत एकच होतो. मागच्या वर्षी वधू-वर परिचय मेळाव्यात माइक ओढून घेऊन, हुंडा घेणाऱ्याच्या दारात पाय ठेवणार नाही असं मीच गरजलो होतो. (तुम्ही समोरच बसले होते, टाळी तुम्हीच सुरू केली.) जी रक्कम वसूल करायला मी घरून निघालो, तिच्याच दारात बसून मला म्हणावं लागलं, "या घरातून मले एक रुपया नको."

तेवढ्यात भय्याजी उठून आत गेले आणि एक फुगलेलं पाकीट घेऊन आले. वरती लिहिलेलं, परसराम सरांची फी. आजवरची सगळी! सगळ्यांसमोर दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "सर, हे तुमचंच आहे. कवापासून काढून ठेवलो, पण द्याले मौकाच नाही भेटला."

माझा हात निघाला होता, साडूभाऊ. अर्ध्यात होता. पण मुलीच्या बापाच्या हातातलं पाकीट मुलाच्या बापाच्या हातात गेलं, की त्यावर काय लिहिलं आहे ते कोण वाचत बसतं? मी ते पाकीट त्यांच्याच छातीशी लावून परत केलं. मामांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी फोटो काढला, आणि आम्ही वाटेतल्या पहेला गावापर्यंत पोहोचायच्या आत तो समाजाच्या ग्रुपवर फिरून राहिला होता, खाली लिहिलेलं, आदर्श वरपिता. म्हणजे आता मागायचा रस्ता जन्मभराचा बंद. गाडीत बसताना भय्याजींनी दार लावलं आणि हळूच म्हणाले, की आता तर आपण घरचेच झालो सर, यंदाचं रिटर्न सवडीने करा, घाई नाही.

मी रस्ताभर खिडकीबाहेरच पाहून राहिलो. सुमनला वाटलं रागावलो. राग कसला? माझ्याच हाताने, माझ्याच तोंडाने, टाळ्यांच्या गजरात एवढ्या वर्षांची बाकी बुडवून घ्यायची, आणि वरून सोन्यासारखी सून माझ्या पदरात घालायची! हे त्यांनी ठरवून केलं का, हे मी अजून स्वतःला विचारून राहिलो. ठरवून केलं असेल तर धन्य, आणि न ठरवता झालं असेल तर त्याहून धन्य. अश्वजित मात्र घरात गाणी म्हणत फिरतो, आणि खरं सांगतो, त्याला असं पाहून मला संगणकाचं दुःख राहिलं नाही.

मंगल परिणय डिसेंबरात. आमच्याकडून वडीलधारे म्हणून तुम्हीच उभं राहायचं आहे. भय्याजींशी तारीख पक्की करून घ्यायलाही तुम्हीच या, माझ्याने होणार नाही.

मंदाताईंना जयभीम, पोरांना आशीर्वाद.

आपला साडू,
परसराम

ता. क. : होणारी सून मामासोबत परवा ऑफिसात येऊन गेली. लग्नानंतर वसुलीचं काम मीच पाहीन म्हणाली. बाबांचं गेलं ते गेलं, पण त्यांची सगळी कारणं मला तोंडपाठ आहेत, आता दुसऱ्या कोणाची चालू देणार नाही, असं शांतपणे सांगून तिने चहा घेतला. मला जरा भीतीच वाटली.

आणखी एक : तुमच्या रिटर्नची मागची फी तुम्ही चुकारे आले की देतो म्हणाले होते. दिघोरीच्या केंद्राचे चुकारे मागच्या सोमवारीच खात्यात पडले, हे तिनेच मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

शेवटचं : तुम्हाला दोन्ही मुलगे, आणि माझी लहानी पोरगी त्यांची मावसबहीण. तेव्हा भय्याजींचा सोयरिकीचा रस्ता तुम्हाला नाही. चेक चालेल.