आबा, तुमच्या हातचा घोडा

आबा, तुमचं पिस्तूल घरी आल्तं. शाळेचं, पळायच्या शर्यतीत टिकली फोडून आवाज करायचं, ते. नातीनं दप्तरातून काढलं न् माझ्या पुढ्यात ठेवलं. मी चष्मा शोधून राह्यले न् ही म्हणते, "आजी, मॅडमला कपाटात सापडलं. शिपाईमामा म्हणले हे तुझ्या पणजोबांनी दुरुस्त केल्तं. खरं का?" काय सांगू, मला इतका आनंद झाला की चहा उतू गेला. पोरगी मोठी चपळ आहे, आबा. पाय तुमच्यासारखे लांब. बोलणं मात्र माझ्यावर गेलंय, थांबत न्हाई.

मी चौथीपर्यंतच शिकले, हे तुम्हाला ठावंच आहे, तवा लिहिण्यात चुका होतील. पण तो दिवस बराबर ध्यानात आहे. आष्टीच्या बाजारात आपलं दुकान, कुलपं न् स्टोव्ह दुरुस्तीचं. खेळाचे मास्तर हेच पिस्तूल घेऊन आलेत. टिकलीवर आपटतो तो घोडा मोडलाय. मास्तरांनी शहरातून तयार घोडा आणलाय, पण तो बसत न्हाई. म्हणतात, "वस्ताद, पिस्तुलाचं भोक जरा मोठं करा, बसून जाईल. पुन्हा मोडला तर बाजारात दुसरा मिळंल." तुम्ही तो घोडा त्यांच्या हातावर परत ठेवला. "बाजारच्या मालासाठी चांगल्या अंगाला भोक पाडू? राहू द्या, मी घडवून देतो." मंग तुम्ही ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा तुकडा घेऊन तीन दिवस कानस घासली. मला लई अभिमान वाटायचा तुमचा.

तिसऱ्या दिवशी घोडा शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळला न् मला म्हणले, "शेंड्यावरची कच, ती खरखरीत कड, तेवढी काढ. दोनच हात मार. मी चहा पिऊन आलो." मी दोन मारले. शेंडा असा चमकला की अजून मारावे वाटले. किती मारले, मोजले न्हाईत. तुम्ही आलात, घाईघाईत घोडा बसवला, कारण मास्तर दारात उभे होते न् टिकल्या त्यांच्याकडं शाळेत होत्या, फोडून बघायला एक पण न्हाई.

दुसऱ्या दिवशी शर्यती. तुम्ही धुतलेली टोपी घालून फक्कीच्या रेघेजवळ उभे. मी रेघेवर, पोरींमधी. मास्तरांनी हात वर केला. टक. टिकली फुटलीच न्हाई. पुन्हा टक. मागून कुणीतरी ओरडलं, "वस्ताद, तुमचा घोडा पेंगतोय! चंदी घाला त्याला!" सगळं मैदान हसलं. मास्तरांनी शिट्टी मारून शर्यत सोडली न् पिस्तूल कपाटात गेलं. त्या दिवशी तुम्ही आईला म्हणले, "शेंडा आखूड राह्यला. माझी नजर गेली. आता बारीक काम न्हाई जमायचं." मी चुलीपुढं होते. भाकरी करपली म्हणून आई माझ्यावर ओरडली, तरी मी तोंड उघडलं न्हाई. मंग तुम्ही कुलपं सोडली. मरेपर्यंत बादल्यांना बूड बसवत राह्यले.

तर आता ऐका. नातीला घेऊन जालन्याला गेले, मस्तगडात एक कारागीर आहे त्याच्याकडं. त्यानं घोडा काढून उन्हात धरला. "आजी, काम लई नामी आहे. असा हात आता कुणाचा न्हाई. पण शेंड्याला दुसऱ्यानंच कानस लावलीय. हे ओरखडे उलटे आहेत, डावखुऱ्या माणसाचे."

नात खिदळली, "आजी, तू पण डावखुरी!"

"गप बस," म्हणले मी.

तो म्हणला, "दोन रस्ते आहेत. ह्याच शेंड्यावर पितळ चढवतो, पण किती टिकंल सांगता येत न्हाई. न्हाईतर भोक मोठं करून तयार घोडा टाकतो. मोडला तरी काळजी न्हाई, कुठं पण मिळंल. बोला."

मी पिस्तूल हातात घेऊन बसले. तुमचा शब्द आठवत होता. नात माझ्या तोंडाकडं बघून राह्यली होती. मी म्हणले, "पाडा भोक."

काल शर्यती झाल्या. काय आवाज झाला, आबा! झाडावरचे कावळे उडाले. नात तिसरी आली न् मी इतक्या टाळ्या वाजवल्या की बांगडी फुटली. मॅडमनी विचारलं तर मी ठसक्यात सांगितलं, पोरींच्या सोयीसाठी बदलून घेतलं, पुढं कवा पण पार्ट मिळंल.

ते खोटं न्हाई, पण पुरतं खरं पण न्हाई. पितळ चढवून बघता आलं असतं. पण तो शेंडा पुन्हा कपाटात जाऊ नये, पुन्हा कुणी उन्हात धरून बघू नये, म्हणून मी तुमच्या चांगल्या अंगाला भोक पाडू दिलं. तुमचा घोडा मागून आणलाय. माझ्या पानाच्या डब्यात आहे, हा कागद पण तिथंच ठेवते.

तुमची नजर चांगली होती, आबा. बिलकुल चांगली होती.