परवलीच्या शब्दाचं स्पेलिंग

तीर्थस्वरूप भावोजींना साष्टांग नमस्कार (गेल्या तीन वर्षांचे राहिलेलेही यातच धरावेत).

तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा खोकला? इकडे सगळे खुशाल आहेत, एक मी सोडून. याला आज कागदावर लिहायचं कसं सुचलं, असं तुम्हाला वाटेल. भावोजी, माझा फोन तुम्ही उचलत नाही; ईमेल बंद आहे, आणि तो मीच बंद केलाय.

झालं असं. आमच्या चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात जिन्याखालच्या खोलीत लिनक्सवर चालणारा एक सर्व्हर आहे. अकरा वर्षांतले सगळे ईमेल, म्हणजे गिऱ्हाइकांच्या डोळ्यांचे नंबर, त्यातच असतात. मी मूळचा भिंगं घासणारा. पण एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढला आणि तेव्हापासून इथला संगणकतज्ज्ञ झालो. मालकीणबाईंनी कुठेतरी वाचलं, की साधा ईमेल म्हणजे उघडं पोस्टकार्ड, वाटेत कुणीही वाचावं. मला म्हणाल्या, सगळं एन्क्रिप्ट करा. मी म्हणालो, करतो की! (जीभ झडली का नाही तेव्हाच?)

एन्क्रिप्शन म्हणजे शेवटी कुलूपच. त्याची किल्ली सर्व्हरमध्येच तयार होते, आणि त्या किल्लीलाही परवलीचा शब्द लागतो (हे ज्याने शोधून काढलं त्याला मला एकदा भेटायचंय). शब्द असा हवा, की दुसऱ्याला सुचू नये आणि आपण विसरू नये. मी दिला. मग साध्या ईमेलचं दार कायमचं बंद केलं, आणि उत्साहाच्या भरात जुन्या ईमेलच्या पेटीलाही तेच कुलूप ठोकलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! तीन आठवडे बरे गेले. सोमवारी वीज गेली, आली, आणि सर्व्हरने शब्द विचारला. शब्द मला तोंडपाठ आहे हो! पण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिलेला. 'ए' एक की दोन, 'व्ही' की 'डब्ल्यू', काही केल्या आठवेना. चौसष्ट प्रकारे लिहून पाहिला. ढिम्म हलत नाही.

एकशे बारा माणसं चष्म्यावाचून अडलीत. मालकीणबाई मला रागवतसुद्धा नाहीत, नुसत्या बघतात. शुक्रवारपर्यंत पेटी उघडली नाही तर मी घरी. या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार?

तुमचा,
मेहुणा

ता. क. : तो शब्द 'आडमुठेश्वर'. आपलं भांडण झालं तेव्हा मी ताईला जो ईमेल लिहिला, त्यात तुम्हाला हे म्हटलं होतं. माझी प्रत त्या बंद पेटीत अडकलीय. ताईने छापलेला कागद तुम्ही कपाटात कुलपात जपून ठेवलाय म्हणे. चुकलो, भावोजी. मनापासून चुकलो. स्पेलिंग तेवढं फोनवर सांगा.

आणखी एक ता. क. : स्पेलिंग पुढच्या बाजूचं नको, मागच्या बाजूचं हवं. तिथे चुकून ताईचं उत्तरही छापलं गेलंय. माझं स्पेलिंग दुरुस्त करून तिने तो शब्द चार वेळा वापरलाय, आणि मी तिचंच स्पेलिंग घेतलं होतं. तिच्याकडचे ईमेल तिने भीतीने तेव्हाच पुसून टाकले, आणि आता तिलाही ते आठवत नाही. तुम्ही कागद अजून उलटून पाहिलेला नाही, असं ती म्हणते. आत्ताच तिचा फोन येऊन गेला. रडकुंडीला येऊन म्हणाली, "तुझी नोकरी गेली तरी चालेल, पण ह्यांना तो कागद उलटायला सांगू नकोस."

भावोजी, कागद उलटा.