धुरपदाबाईची म्हैस आणि चार किलो युरिया

मी, तानुबाई उखर्डू बोरसे, वय ७४, धंदा दुधाचा, राहणार नरडाणा, ता. शिंदखेडा, जि. धुळे, लिहून ठेवते की गुडघे सोडल्यास माझे सर्व काही शाबूत आहे, डोके विशेषतः. कोणी दमदाटी केलेली नाही. केली असती तर मी लिहिलेच नसते.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव मुलगा स्वप्नील याला. तो एकुलता एक, त्यामुळे इथे विचार करण्यासारखे काही नाही.

२. कडबाकुट्टीचे यंत्र मात्र सून दिपमाला हिचे. स्वप्नील ज्वारीचा कडबा अख्खाच जनावरापुढे फेकतो. जनावर पाने खाऊन धांडे तुडवते आणि हा म्हणतो, "माय, खाई लिधं ना तिनी!" खाणे वेगळे, पचणे वेगळे. दिपमाला शेण चाळणीत धुऊन पाहते. काड्या जशाच्या तशा निघाल्या, तर वैरण पोटातून नुसती फिरून आली असे समजावे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिने हे न लाजता केले, तेव्हाच मी ठरवले होते. चाळणीही तिचीच. ती पिठाच्या चाळणीपासून लांब ठेवावी, हे स्वप्नीलसाठी लिहिले.

३. गोठ्यामागे गव्हाचा भुसा जनावरांना पचावा म्हणून युरियाचे पाणी शिंपडून काल ताडपत्रीखाली दाबला आहे. प्रमाण: शंभर किलो भुशाला चार किलो युरिया, पन्नास लिटर पाण्यात. एकवीस दिवसांच्या आत ढीग उघडू नये, मी मध्येच गेले तरी. सांत्वनाला दारावर आलेल्या पाहुण्यांना दाखवायलासुद्धा नाही. उघडल्यावर तासभर वारा लागू द्यावा. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना घालू नये.

४. थोरली म्हैस, पारडीसह, माझी धाकटी जाऊ धुरपदाबाई हिला. याचे कारण लिहिणे भाग आहे.

सोळा वर्षांपूर्वी मी धुळ्याहून भुसा मुरवण्याचे हे प्रशिक्षण घेऊन आले. एक ढीग झाकून झाला होता. दुसऱ्यासाठी युरियाचे पाणी टिपाडात कालवले आणि ताडपत्री आणायला घरात गेले. टिपाडावर झाकण ठेवले नाही. सामाईक अंगणात धुरपदाची म्हैस सुटली, ते पाणी प्याली आणि डॉक्टर येण्याआधी गेली.

मी गावभर सांगितले की धुरपदाने झाकलेला भुसा मुदतीआधी ओढून खाऊ घातला. ती मुळात उतावळी, गावाला पटले. तिने एकदाही उलट उत्तर दिले नाही, त्यामुळे मला फार सोपे गेले. तेव्हापासून आमचे बोलणे नाही, आणि तिने असा भुसा जनावरांना कधी घातला नाही. तिच्या म्हशी हडकलेल्या मी रोज पाहते.

दोष माझा होता. मला त्याची लाज वाटते. तोंडाने सांगायला गेले तर मी भांडूनच परत येईन, म्हणून कागदावर. मी मेल्यावर कळून तिला काय उपयोग, म्हणून साक्षीला तिलाच बोलावले आहे.

ठिकाण: नरडाणा. दिनांक: २१ एप्रिल २०२५.
लिहून ठेवणार: तानुबाई उखर्डू बोरसे (सही)

साक्षीदार १: लीलाधर देवरे, निवृत्त शिक्षक (सही)

साक्षीदार २: धुरपदाबाई सुकदेव बोरसे (डावा अंगठा). यांना वाचता येत नसल्याने सर्व मजकूर मी, लीलाधर, मोठ्याने वाचून दाखवला. अंगठा देण्याआधी त्या जे बोलल्या, ते तानुबाईंच्या सांगण्यावरून जसेच्या तसे लिहिले आहे:

"अक्का, टिपाड उघडं शे, हाई मी बी देखेल व्हतं. पन उठीसन झाकाना मीच कंटाया करा. म्हैस तुनाच गोठामा ऱ्हाऊ दे, मी दूध काढाले येसू."