उकिडवं बसायचं नाही

५ डिसेंबर १९९८, मांडवगण
आज सखूमावशीच्या रानात कांदे लावले. सावडीचं काम. आज तिच्यात, उद्या दुसरीच्यात, शेवटी आमच्यात. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, फक्त आपली पाळी चुकवायची नाही. दिवसभर चिखलात उकिडवं. संध्याकाळी उठायला गेले तर उजवा गुडघा म्हणतो, बाई तू जा घरी, मी हितंच बसतो. हसण्यावारी नेलं. घरी येऊन बघते तर हा एवढा सुजलेला.

७ डिसें.
पाळी चुकली तर आपल्या वाफ्यावर कोण येणार? आमचं रोप तयार व्हायला लागलंय. म्हणून आजही गेले. सगळ्यांच्या पुढं सखूमावशी. तिचा कायदा असा, की वाफा संपल्याबिगर कुणी उठायचं नाही. मी मधेच उभी राहिले तर सगळ्यांदेखत, "का गं शालन, दिवस गेलेत का?" सगळ्या खिदळल्या. मीपण हसले. आतून जीव जळला.

८ डिसें.
आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, गुडघा बघितलाच. त्यांचा जन्म मेंढरांमागं गेलेला. म्हणाल्या, "वात हाय त्यो. मेंढराचा पाय सुजला तर आमी बिबा लावायचो, दोन दिसांत पळायचं." बिबा तापवून तेल काढलं. मीच म्हटलं, आत्या जरा जास्त लावा, कामाला जायचंय. शहाणी ना मी!

१० डिसें.
बिबा उतला. गुडघाभर फोड. सूज होती तिथंच. ह्यांनी तोंड सोडलं, "दोघी मिळून वैद्यकी करता व्हय?" आत्यांनी खोबरं वाटून लावलं आन् पदर तोंडाला लावून रडल्या. दुखतंय मला, आन् समजूत मीच काढतेय.

१२ डिसें.
ह्यांच्याबरोबर एस.टी.नं दौंड. डॉ. तरुणच आहेत. म्हणाले, आत पाणी झालंय, सुईनं काढून बघायला पाहिजे, पण अशा फोडांतून सुई घातली तर आत पू होईल. आधी कातडी भरू द्या. "हे कुणी केलं?" म्हटलं, मीच. आत्यांचं नाव घेतलं नाही.
येताना गाडीत एक बाई म्हणे, पाणी काढलं की पाय कायमचा आखडतो. मेलीला कुणी विचारलं होतं? घरी येईपर्यंत तेच डोक्यात. पाय गेला तर रान कोण बघणार, ह्यांनी एकट्यानं काय काय करायचं...

२४ डिसें.
खपल्या पडल्या. सावडीच्या पाळ्या चुकल्या त्या चुकल्याच. सखूमावशी दारावरनं गेली, आत डोकावली नाही. लई लागलं मनाला.

२६ डिसें.
काढलं पाणी! सुई बघून ह्यांचा हात असा दाबला की हेच ओरडले. पाणी पिवळसर, स्वच्छ. पू नाही. फोटोत हाड शाबूत. ऑपरेशन नाही!! पाय आखडला-बिखडला काही नाही, चालत स्टँडवर आले.
डॉ.नी विचारलं, कामावर कशा बसता, कशा उठता, करून दाखवा. दाखवलं. डाव्या हातात रोपाची जुडी, म्हणून सगळा भार उजव्या पायावर आन् तसंच वळून उभं राहायचं. लग्न झाल्यापासून असंच. "मग आतली गादी झिजणार नाही तर काय होणार, बाई?" उकिडवं बसणं बंद. बुडाखाली काहीतरी घ्यायचं, पाय लांब सोडायचा.
स्टँडवर ह्यांनी भजी खाऊ घातली. आपणहून. लिहून ठेवते, परत घडेल न घडेल.

३ जानेवारी १९९९
उद्या आमच्या कांद्याची लागण. कुणी येतंय का कुणास ठाऊक. आत्या न सांगता सखूमावशीकडं जाऊन आल्या. तिला म्हणाल्या म्हणे, "बिबा म्या लावला. पोरीनं काम चुकवलं न्हाई."

४ जाने.
आल्या! सगळ्या आल्या! बांधावर पदर खोचताना बघितल्या आन् डोळे भरले माझे. मी घमेलं पालथं घालून वाफ्यात बसले, पाय लांब. "आल्या गं पाटलीणबाई!" म्हटलं, चिडवा किती चिडवायचं ते, मी काय उठत नाही.
दुपारी भाकरी खाताना सखूमावशी शेजारी सरकली. कुणाचं लक्ष नाही बघून लुगडं जरा वर केलं. माझ्या दुप्पट गुडघा. "मावशे, कवापासून?" "तुझ्या लग्नाच्या आधीपासनं." मग हळूच म्हणाली, "एकदा उठले की मला परत बसवत न्हाई, शालन. म्हून कुणालाच उठू देत न्हाई."
 म्हटलं, माझ्याबरोबर दौंडला चल. म्हणे, लागणी संपू दे.
जेवणानंतर घमेलं तिच्याकडं ढकललं. तिनं परत ढकललं. पण ऊन कलल्यावर, वाफा अर्धा राहिलेला असताना तीच ओरडली, "उठा गं जरा, कंबर सरळ करा!" सगळ्या एकमेकींकडं बघत उठल्या. मावशी एकटी खाली बसून राहिली.