भोंपू अंकलच्या पहिल्या सीझनचे दोष

३ जानेवारी २००७, बुधवार. सकाळी ७.१०
नवं वर्ष लागून दोन दिवस झाले, म्हणजे रोजनिशी दोन दिवस लेट. हरकत नाही. परतूर स्टँडवर एकतीस वर्षं कंट्रोलर होतो. लेट गाडी मार्गी कशी लावायची हे मला कोणी शिकवू नये.
संकल्प: पहाटे पाचला उठणे. स्वयंपाक शिकणे. चहा दोनदाच. आणि मुख्य काम: येत्या शनिवारपासून सुरू होणाऱ्या कार्टून मालिकेचं परीक्षण लिहून चॅनलला पाठवणे.
दिवाळीत मुलगा देवानंदची मंडळी चिंचवडहून आली होती, तेव्हा नात ईश्वरी हिच्यासोबत बसून 'खटपट गली' बघायची सवय लागली. परदेशी कार्टून, हिंदीत डब केलेलं. एक कुटुंब आणि त्यांचे शेजारी भोंपू अंकल. हे अंकल दर भागात खिडकीतून डोकं घालणार, काहीतरी मागणार, वाकडं बोलणार आणि जाणार. दोन मिनिटांचं काम, पण ईश्वरी तेवढ्यावर लोळून हसायची. आता ती मालिका संपवून याच अंकलला वेगळी मालिका दिली आहे, 'भोंपू अंकल का नया शहर'. तेरा भागांचा पहिला सीझन. माझं मत आधीपासूनच प्रतिकूल आहे, पण परीक्षण निःपक्षपाती करीन.
बायको जयवंता दिवाळीनंतर त्यांच्यासोबतच चिंचवडला गेली. सूनबाईंची कामावर हजर व्हायची तारीख आली होती, धाकटा तान्हा आहे. मीच म्हणालो जा. मला एकट्याला छान जमतं. संक्रांतीला येईल.

६ जानेवारी, शनिवार. सायं. ६.४०, कंदील
भाग १. अंकल ट्रकमधून सामान घेऊन नव्या शहरात येतात. एकटेच. सोफा दारात अडकतो. अंकल सोफ्याच्या आतल्या बाजूला आणि नव्या घराची चावी बाहेरच्या. इथे पावणेसहा वाजले आणि लोडशेडिंग.
दोष क्र. १: मालिका साडेपाच ते सहा आणि परतूरची लाइट जाते पावणेसहाला. कथेचा निकाल पंधरा मिनिटांत लावायला पाहिजे. चॅनलला लिहायचं.
अर्धा भाग पाहून परीक्षण करणं अन्यायाचं होईल. तिकडे लाइट जात नाही, म्हणून सहा पाचला चिंचवडला फोन लावला. केवळ कामापुरता. जयवंताला विचारलं, शेवट काय झाला. ती म्हणाली, कशाचा? मी म्हणालो, भोंपू अंकलचा, सोफ्याचा. तिनं सोफा कुठे अडकला ते विचारून घेतलं. मग म्हणाली, हां, ते का. मंग काय, समोरची बाई आली, तिनं आन तिच्या दीरानं मिळून सोफा उचलला, आन अंकलला घरी नेऊन पिठलं-भाकर खाऊ घातली.
चांगला शेवट. डब करणाऱ्यांनी पिठलं घालून प्रेक्षकांचा विचार केलेला दिसतो. गुण दिले पाहिजेत.
फोन बत्तीस मिनिटं चालला. बाकीचं इतर.

९ जानेवारी, मंगळवार
पाचला उठलो. मग करायला काही नव्हतं म्हणून परत झोपलो. संकल्पात दुरुस्ती: सात.

१३ जानेवारी, शनिवार. ६.५०
भाग २. अंकल शेजाऱ्याची खिडकी समजून भिंतीवर लावलेल्या चित्रात डोकं घालायला जातात. पडतात. मागे पुष्कळ माणसं हसतात.
दोष क्र. ४: ही हसणारी माणसं कोण? घरात अंकल सोडून कोणी नाही. मग हसतंय कोण आणि ती कुठे बसली आहेत? जुन्या मालिकेत हे खटकत नव्हतं, कारण तिथे घर भरलेलं होतं.
दोष क्र. ५: जेवणाच्या टेबलाला सहा खुर्च्या. एका माणसाला सहा खुर्च्या कशाला? चित्रकाराचं लक्ष नाही.
शेवट (जयवंताकडून): दूधवाला आला, त्यानं पाहिलं की कपाळाला टेंगूळ आलंय, तर चहा होईपर्यंत बसून राहिला. सांगताना ती मधेच, थांबा, आठवू द्या, असं म्हणत होती. तिची स्मरणशक्ती कमी होत चालली आहे. चिंचवडचं पाणी.
संक्रांतीला येता येत नाही म्हणाली. बाळाला सर्दी. मी म्हणालो, काही घाई नाही, मी परीक्षणात गुंतलो आहे. शिवरात्रीला येईल.

१८ जानेवारी, गुरुवार
भाकरी केली. तव्याला चिकटली. तव्याचा दोष.

२८ जानेवारी, रविवार
काल भाग ४. अंकलचा चेहरा सबंध हिरवा दिसत होता. चॅनलला सहा पानी पत्र आज पूर्ण केलं, एकूण अकरा दोष. खाली सही, 'आपला अप्पाराव, सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक'. हुद्दा लिहिला की उत्तर लवकर येतं.
देवानंदचा फोन आला होता. बाबा, तुमीबी इकडंच या ना, एकटं कशापायी राहून राह्यले. मी स्पष्ट सांगितलं की सीझन अर्ध्यात सोडून येता येत नाही. दसऱ्याला गेलो होतो तेव्हा आठव्या दिवशी परत आलो ते काही रागावून नाही. तिथला गेटवरचा वॉचमन रोज माझं नाव वहीत लिहून घ्यायचा आणि कोणाकडे आलात म्हणून विचारायचा. ज्याच्या नुसत्या आवाजावर या स्टँडवरची माणसं गाडीकडे पळायची, त्याला रोज सांगावं लागतं की मी देवानंदचा बाप. आठव्या दिवशी मी नाव सांगितलंच नाही. सरळ बॅग भरली आणि गाडी पकडली. जयवंताने तेव्हा बॅगेत चटणीचा डबा टाकला फक्त.

३ फेब्रुवारी, शनिवार. ६.४५
चॅनलने पत्राची दखल घेतली!! भाग ५ मध्ये अंकलचा चेहरा नीट गुलाबी. सहा दिवसांत अंमलबजावणी. खासगी कंपन्यांचं काम असं असतं.
केबलवाल्या सर्जेरावला मुद्दाम सांगायला गेलो. तो म्हणाला, आवो काका, झुंबरबाईच्या माळवदावर वायरीला वांदर लोंबकळल्तं, जॉइंट ढिला झाल्ता, कालच मी पिळून आलो. सर्जेराव दहावी नापास आहे. वाद घातला नाही.
शेवट: नव्या शहरातल्या बाजारात अंकलला जुन्या गल्लीतली एक म्हातारी भेटली. दोघं पाराजवळ बसून तासभर बोलले. परदेशात पार असतो हे मला माहीत नव्हतं.

१० फेब्रुवारी, शनिवार
भाग ६. अंकल स्वतःच उठून स्वतःच्या दाराची बेल वाजवतात आणि आत जाऊन विचारतात, कौन है?
दोष क्र. १४: हा विनोद नव्हे. मला हसू आलं नाही. मागची माणसं हसत होती.

१७ फेब्रुवारी, शनिवार. ७.१५
शिवरात्र काल झाली. जयवंता आली नाही. सूनबाईंची बदली झाली, शिफ्ट वेगळी. मी म्हणालो, बरंच झालं, कारण परीक्षणाला शांतता लागते. ती म्हणाली, बरं. शेवटी मीच म्हणालो, अंकलचं काय झालं ते सांग.
ती म्हणाली, अंकलनी भाजी जाळली. वास गेला तशी शेजारीण आली आन म्हणली, काका, फोडणी देताना गॅस बारीक करायचा असतो, रोज सांगावं लागतं का?
फोन ठेवून लगेच फोडणी बारीक गॅसवर दिली. जमली. मालिकेत काही उपयुक्त माहितीही असते, हे गुणांत नोंदवलं.

२२ फेब्रुवारी, गुरुवार
आज कोणाकोणाशी बोललो: दूधवाला. सर्जेराव. दूधवाला (भांडं राहिलं म्हणून परत आला होता). सायंकाळी स्टँडवर सहज गेलो. नवा कंट्रोलर वाटूरच्या गाडीची अनाउन्समेंट करत होता. आवाजात जोर नाही. त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, काका, बाजूला व्हा जरा, मागं लाइन हाय.
घरी येऊन आरशासमोर वाटूर, मंठा, लोणार एकदा म्हणून पाहिलं. आवाज अजून तसाच आहे. घरात फार घुमतो.

३ मार्च, शनिवार. होळी. ७.००, ट्यूबलाइट
दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे संध्याकाळचं लोडशेडिंग बंद. म्हणजे भाग ९ प्रथमच शेवटपर्यंत पाहिला. मोठा दिवस.
अंकल टपालपेटीत स्वतःच स्वतःला पत्र टाकतात. दुसऱ्या दिवशी पत्र येतं. अंकल खूश होऊन वाचायला बसतात. पत्रात काहीच लिहिलेलं नसतं, लिहायचं राहून गेलेलं असतं. अंकल टेबलाशी बसून जेवतात. गाणं लागतं. संपलं.
कोणी आलं नाही. शेजारीण नाही, दूधवाला नाही. पिठल्याचा तर पत्ताच नाही.
फोन लावला. इकडचं तिकडचं झालं. आज शेवट पाहिला हे सांगणारच होतो, तेवढ्यात तीच सुरू झाली: आज ना, त्या पत्रासोबत पोस्टमन घरात आला, म्हणला होळी हाय, पुरणपोळी खाल्ल्याबिगर जाणार न्हाई. पत्राचं तिला कुठून कळलं? मग आठवलं, पाच मिनिटांपूर्वी मीच सांगितलं होतं. सगळं ऐकून घेतलं.
निष्कर्ष: पुण्याकडे वेगळी प्रिंट जाते. सिनेमाचं पूर्वी असंच होतं. शहरात अख्खी प्रिंट, परतूरला येईपर्यंत तुकडे.

५ मार्च, सोमवार
प्रिंटबद्दल सर्जेरावला विचारलं. काका, वरून सगळीकडं एकच येतं, बिलकुल सेम, पुण्याला काय अन् वडीगोद्रीला काय. सर्जेरावला तांत्रिक ज्ञान नाही हे मी आधी नोंदवलेलंच आहे.

१७ मार्च, शनिवार
भाग ११. दोन्ही प्रिंटमधला फरक वाढत चालला आहे. आमच्या प्रिंटमध्ये अंकल सबंध अर्धा तास सोफ्यावर. दोष क्र. २१: माणूस शेजारी म्हणून चांगला होता. दोन मिनिटं यायचा, घरातल्यांची बोलणी खायचा, जायचा. त्याला सगळं घर आणि सगळा वेळ दिला म्हणून तो मोठा झाला नाही. उलट त्याला काय करावं ते सुचेना. हे मालिका काढणाऱ्यांच्या आधी लक्षात यायला हवं होतं.
लाइट आहे हे जयवंताला सांगितलेलं नाही. प्रसंग आला नाही.

२४ मार्च, शनिवार. ६.३०
फोन ईश्वरीने उचलला. आजी बाळाला झोपवते आहे म्हणाली. मी म्हणालो, मग तूच सांग, आज भोंपू अंकलचं काय झालं. ती म्हणाली, कोण? मी आठवण करून दिली. ती म्हणाली, आजोबा, आमच्याकडं टीव्हीच नाही, दिवाळीहून आल्यावर बाबांनी माळ्यावर ठेवून दिला, अभ्यास होत नाही म्हणून.
ईश्वरी लहान आहे. लहान मुलांना नीट कळत नाही.
आजी आल्यावर करते म्हणाली फोन. मी म्हणालो, नको, विशेष काही नव्हतं.

२६ मार्च
जेवलो नाही. भूक नव्हती.

२९ मार्च, गुरुवार
बारा शनिवार. अकरा शेवट. बसून मोजले. दूधवाला, सोफा उचलणारी बाई, पाराजवळची म्हातारी, पोस्टमन. एकाही भागात जयवंतानं त्या माणसाला एकटं जेवू दिलं नाही. आणि मी ते गुण चॅनलला दिले, पत्राने कळवले.
करमत नाही. हे परीक्षणात घ्यायचं नाही.

३१ मार्च, शनिवार. ७.३०
भाग १३, शेवटचा. पावणेसहा वाजता टीव्ही मीच बंद केला. ट्यूबलाइट बंद केली. खिडकी लावून घेतली. अंधार झाल्यासारखं वाटल्यावर, सहा पाचला, फोन लावला.
म्हणालो, इकडे लाइट गेली, शेवट सांग.
ती म्हणाली, गेली का? मी म्हणालो, हो, आत्ताच, पावणेसहाला, रोजच्यासारखी. ती म्हणाली, मंग आपला पंखा कसा कुईकुई करून राह्यलाय?
वर पाहिलं. पंखा चालू होता. मी म्हणालो, बाहेर बैलगाडी चालली आहे. उठून पंखा बंद केला. ती म्हणाली, आज आमच्याकडंबी लाइट गेली, मला काही दिसलं न्हाई. आज शेवट तुमी सांगा.
मी म्हणालो, मी कसा सांगणार, मी परीक्षक आहे. ती म्हणाली, सांगा. म्हणालो, तो जेवायला बसतो. ती म्हणाली, मंग? म्हणालो, मग काही नाही. जेवतो. ताट धुतो. ती म्हणाली, मंग? एकतीस वर्षं माईकवर बोललो, इतक्या हळू कधी बोललो नाही. म्हणालो, त्याला करमत नाही. इतकी वर्षं तू समोर होतीस, आता नाहीस, म्हणून करमत नाही त्याला.
ती म्हणाली, एवढं बोलायला तेरा आठवडे लागले का तुमाला?
दोष क्र. २४: पहिला सीझन विनाकारण लांबवला आहे.