खोबरेल चोराचा सत्कार

बेडोक, सिंगापूर, शनिवार, १२ ऑगस्ट २००६

माझं खोबरेल कोण संपवतं ते आज कळलं. महिनाभर मी उगाच सूनबाईवर घसरत होते.

आज बेसबॉल क्लबात आमच्या सुहासचा सत्कार झाला. "आई, छोटासा कार्यक्रम आहे, नाही आलीस तरी चालेल," म्हणे. का चालेल? मी गेलेच.

कोच इंग्रजीत बोलत होता, सूनबाई मला मराठीत सांगत होती. जुरोंग ईस्टच्या मोठ्या क्लबानं दोनदा बोलावलं, पण सुहास नऊ वर्षं इथंच राहिला. सामना संपला की सगळ्यांचे चामडी हातमोजे पुसून तेल लावतो. कोच पोरांना म्हणाला, "असे व्हा." मग एक हातमोजा माझ्या हातात दिला. वास घेतला, तर माझंच खोबरेल!

सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि हा खाली बघून म्हणतो, "माझ्या एकट्याचं काय त्यात?" अरे, तेल तर माझ्या एकटीचं होतं!

छाती फुगली, खोटं कशाला लिहू. हात दुखेस्तोवर टाळ्या वाजवल्या. सूनबाईला काय सांगू? बघू.

पण न विचारता तेल का नेलं, याचं उत्तर उद्या सुहासनंच द्यायचं. सूनबाईनं मध्ये बोलायचं नाही.