दाराची कडी

उचगाव, कोल्हापूर

सौ. झुंबरबाई हिला आकारामचा रामराम.

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नकोस. इथे लेकाकडे सगळे खुशाल आहेत. तुझा गुडघा कसा आहे? म्हशीला वेळेवर पाणी दाखवतेस ना?

आपल्या राजवीरने राजनंदिनीला दत्तक घेतली, तेव्हा तू म्हणालीस, "परक्याचं रक्त, आपल्या वळणावर जाईल का?" आणि अजून तिला बघायलाही आली नाहीस. मलाही तोच घोर होता. म्हैस घेताना आपण तिची आई बघतो, इथे तर काहीच ठाऊक नव्हतं.

पोरगी डावरी आहे. ते जन्मदात्यांकडून आलं असेल, असू दे. पण परवा तिला दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला नेली. पेला हातात येताच तिने माझ्यासारखेच दोन थेंब आधी जमिनीवर शिंपडले. गवळी हसून म्हणाला, "पावणं, नात तुमच्यावरच गेलीया की." मी म्हटलं, "व्हय की." घरी येईपर्यंत माझं हसू काही जाईना.

काळजी एकच. जेवणं झाली की मी दाराची कडी दोनदा बघतो, तर तीही मागोमाग येते आणि टाचा उंचावून कडी चाचपते. माझी ही खोड तेवढी तिला लागायला नको होती.

काल मात्र तिने मला कडी लावूच दिली नाही. म्हणाली, "आज्जी यायची हाय."

तिला काय सांगू? कधी येतेस ते लवकर कळव.

तुझा,
आकाराम